वाचता न येणारी नावं : विद्यार्थी फिल्म आणि तिचं पोस्टर

विद्यार्थ्यांनी केलेली एखादी फिल्म तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? आणि अशा फिल्मचं पोस्टर? पहिल्या प्रश्नाला जरा डोकं खाजवावं लागेल. दुसऱ्याचं उत्तर बहुधा काल-परवाचंच असेल. कॉलेजातली ज्युनिअर, कुणाचा तरी रूममेट, ऑफिसातल्या टेस्टरची बहीण, कुणीतरी स्टोरीला पोस्टर टाकतं, खाली 'लवकरच' असं लिहितं, आपण बदाम पाठवतो आणि अंगठ्याने पुढे सरकतो. नंतर वर्ष-दीड वर्ष त्या फिल्मचा पत्ता नसतो.

यात आळस कुणाचाच नाही. बऱ्याच महोत्सवांना फिल्म ताजी लागते. आधी यूट्यूबवर टाकली तर काही ठिकाणी ती बाद होते. त्यामुळे फिल्म पासवर्ड लावलेल्या लिंकमागे जाऊन बसते आणि प्रवेशिकांच्या फिया भरत महोत्सवामागून महोत्सव फिरते. दरम्यान बाहेर कोण फिरतं? पोस्टर. 'कॅटडॉग'ला २०२० साली आणि 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो'ला २०२४ साली कानच्या विद्यार्थी विभागात पहिलं बक्षीस मिळालं. दोन्ही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांच्या फिल्म. बातमी आली तेव्हा आपण अभिमानाने जे शेअर केलं ती फिल्म नव्हती. एक स्टिल, नाहीतर एक पोस्टर होतं. कानला गेलेल्या फिल्मची ही गत, तर कॉलेजच्या फिल्म क्लबने चार दिवसांत उरकलेल्या फिल्मची काय असेल? तिच्या निम्म्याहून अधिक प्रेक्षकांच्या लेखी पोस्टर हीच फिल्म असते. त्यापलीकडचं त्यांना कधी दिसतच नाही.

आणि हे पोस्टर होतं कसं? एडिट संपतं, साउंड कसाबसा बसतो, महोत्सवाचा फॉर्म भरताना एक रिकामा चौकोन समोर येतो : 'इथे पोस्टर अपलोड करा'. मग रात्री साडेअकराला ज्याला फोटोशॉप किंवा कॅनव्हा येतं अशा कुणाला तरी फोन जातो. त्याने फिल्म पाहिलेली नसते. त्याला ड्राइव्हची एक लिंक मिळते, तीत पाच स्क्रीनशॉट असतात आणि 'मिनिमल ठेव' एवढी सूचना. मी स्वतः सबटायटल्सवाला. इंजिनिअरिंगला असल्यापासून मित्रांच्या फिल्मची सबटायटल्स करत आलोय, आता नोकरी सांभाळून करतो. फिल्म वीस-वीस वेळा बघणारा एडिटरनंतरचा माणूस मीच. त्यामुळे ज्याने ती एकदाही बघितलेली नाही त्याने केलेलं पोस्टर बघताना माझं जरा बिनसतं, हे आधीच सांगून टाकतो.

ते पोस्टर कसं असतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. पाठमोरा माणूस. समोर समुद्र, नाहीतर खिडकी, नाहीतर रेल्वेचा रूळ. वर आकाशात बारीक रोमन अक्षरं, दोन अक्षरांत रिक्षा जाईल एवढी जागा. त्याच्या वर लॉरेलच्या पानांची रांग. तळाला उंच, चेपलेल्या अक्षरांत नावांच्या तीन-चार ओळी. सगळ्यावर थोडे रवाळ कण, म्हणजे 'फील' येतो.

पाठमोरा माणूस इतक्या पोस्टरांवर का, याचं एक कलात्मक उत्तर आहे (एकटेपणा वगैरे) आणि एक गणिती. मला गणिती जास्त पटतं. सेटवर स्टिल फोटो काढायला कुणी ठेवलेलंच नसतं, म्हणून पोस्टरसाठी फिल्ममधलीच एक फ्रेम उचलावी लागते. फुल एचडी फ्रेम असते १९२० बाय १०८० पिक्सेल, आणि आडवी. ती उभ्या पोस्टरसाठी कापली की हातात उरतात साधारण ७६० बाय १०८०. नीट छापलेल्या ए-थ्री पोस्टरला लागतात ३५०८ बाय ४९६१. म्हणजे चित्र साडेचार पट ताणायचं. त्यात सिनेमाची फ्रेम बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात टिपलेली असते, माणूस जरा हलला की तोंड पुसल्यासारखं येतं. मग ज्या फ्रेममध्ये कुणी हलत नाही आणि चेहऱ्याचे बारकावे लागत नाहीत अशी फ्रेम शोधा बरं. पाठमोरा माणूस सापडतो. रवाळ कण त्यानंतर येतात, ताणलेलं झाकायला. अख्ख्या पिढीची दृश्यशैली एका न नेमलेल्या फोटोग्राफरमुळे ठरली आहे असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. उपाय फुकटचा आहे. सीन ओके झाल्यावर नट जागेवर असताना, लाइट तोच असताना, कुणीही साध्या फोनने उभा फोटो काढावा. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ३००० बाय ४००० असतो. एवढ्यात ए-थ्री निघतं, आणि चेहराही मिळतो.

पण माझं खरं भांडण आहे ते तळाच्या ओळींशी.

ती चेपलेली अक्षरं आली कुठून? हॉलिवूडच्या करारांतून. तिथे नटाचा, लेखकाचा, निर्मात्याचा करार असतो आणि त्यात लिहिलेलं असतं की पोस्टरवर माझं नाव शीर्षकाच्या अक्षरांच्या अमुक टक्के मोठं हवं. अशी दहा-पंधरा नावं नियमानुसार छापायची तर चित्राला जागाच उरणार नाही. मग पोस्टरवाल्यांनी पळवाट काढली : अक्षर उंच ठेवायचं, रुंदी मात्र चेपून टाकायची. टक्केवारी उंचीत भरते, जागा रुंदीत वाचते. वकील खूश, डिझायनर खूश. वाचणाऱ्याला वाचता येईना, पण वाचण्यासाठी ती ओळ नव्हतीच मुळी. कराराची पूर्तता केल्याची ती पावती होती.

आपल्या विद्यार्थी फिल्ममध्ये कुणाचा करार असतो? कुणाचाच नाही. वकीलही नसतो. असतात ते फक्त लोक, आणि त्यांना दिलेला एक शब्द : 'पैसे नाही देता येणार, पण पोस्टरवर नाव येईल.' तिकडे नावं कायद्यापुरती उरकायला जी अक्षरं शोधली गेली, ती आपण अशा ठिकाणी आणून बसवली जिथे नाव हेच मानधन आहे.

एका मित्राने बार्शीच्या बाजूला, स्वतःच्या गावात फिल्म केली. मुख्य काम त्याच्या आत्याचं. आत्या आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नव्हती. तूर काढायची होती, ती तिने चार दिवस लांबवली आणि युनिटला दोन वेळचं करूनही घातलं. सबटायटल्ससाठी मी ती फिल्म इतक्या वेळा बघितली की तिचं 'व्हय' म्हणण्याआधीचं थांबणं मला सेकंदाच्या हिशेबात पाठ झालंय. पोस्टर दुसऱ्या कुणी केलं. वाईट नव्हतं. बांधावर पाठमोरी उभी आत्या, वर रोमन लिपीत शीर्षक. मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत तिला फोनवर दाखवली. तिने बघितली, मग दोन बोटांनी ताणली. तळाच्या ओळी मोठ्या झाल्या आणि मोठ्या होता होता फुटल्या. 'कुटं हाय रं माजं नाव?' मित्राने दाखवलं. तिसऱ्या ओळीत, असोसिएट प्रोड्युसरच्या आधी, चेपलेल्या रोमन कॅपिटल्समध्ये. आत्या रोज पेपर वाचते, मराठी. 'असू दे,' म्हणाली आणि फोन परत दिला.

इथे डिझायनर मित्र म्हणतील की तळाच्या ओळी वाचायला नसतात, त्या 'हा सिनेमा आहे' असं सांगतात. मान्य. फेटा बांधला की माणूस वऱ्हाडातला आहे हे लांबून कळतं, तसं त्या ओळी दिसल्या की हे पोस्टर सिनेमाचं आहे, हळदीकुंकवाच्या आमंत्रणाचं नाही, हे कळतं. पण फेटा बांधायला म्हणून माणसाचं तोंडच झाकायचं का?

आता थोडं आणखी गणित. हॉलिवूडचं प्रमाण पोस्टर २७ बाय ४० इंचांचं. म्हणजे रुंदी साधारण ६९ सेंटिमीटर. तुमच्या हातातला फोन सात सेंटिमीटर रुंद आहे आणि इन्स्टाच्या प्रोफाइलवर एका ओळीत तीन चौकटी बसतात. एकीची रुंदी सव्वादोन-अडीच सेंटिमीटर. मूळ पोस्टर तीस पट लहान झालं. भिंतीवर जे अक्षर एक सेंटिमीटर उंच होतं ते आता मिलिमीटरचा तिसरा भाग. मुंगीच्या पायाचं बोट. आणि गंमत म्हणजे ते पोस्टर भिंतीवर कधी लागलेलंच नसतं. प्रिंट काढली तर एक, कॉलेजच्या स्क्रीनिंगच्या दाराशी. म्हणजे आपण न लागणाऱ्या भिंतीसाठी डिझाइन करतो आणि जिथे ते खरोखर बघितलं जातं तिथे त्याचा डाग उरतो.

लहान जागेत, एका नजरेत, स्वस्त छपाईत काम भागवायचं हा प्रश्न मराठीत नवा नाही. तो सुटलेलाही आहे. आईवडिलांच्या पिढीला विचारा : पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती. एक कॉलम, कधी दोन. काळी शाई, खरबरीत कागद, फोटो छापला तर धुरकट. शेजारी दुसऱ्या नाटकाची जाहिरात, खाली तिसऱ्याची, अगदी आजच्या फीडसारखी गर्दी. त्या गर्दीत कमल शेडगे यांनी अनेक दशकं नाटकांची शीर्षकं हाताने रेखाटली. २०२० साली ते गेले तेव्हा बऱ्याच लोकांनी त्यांची अक्षरं शेअर केली, आणि मला जाणवलं की मी न बघितलेल्या नाटकांचा स्वभाव मला माहीत आहे, निव्वळ अक्षरांवरून. हे ऐतिहासिक, हे फार्स, हे घरातलं काहीतरी मोडणारं. चित्र नाही, पाठमोरा माणूस नाही, समुद्र तर नाहीच. चार-पाच अक्षरं, आणि त्यांचा स्वभाव.

त्या जाहिरातींत आणखी एक गोष्ट असायची. नावं वाचता यायची. लेखक, दिग्दर्शक, कलाकार, मग नाट्यगृह आणि वेळ. वाचता यावीच लागायची, कारण अमुक नट आहे म्हणून लोक जायचे आणि चुकीच्या नाट्यगृहाला गेले तर परत भांडायला यायचे. एवढुशा जागेत ती नावं मावली, कारण शीर्षकाने आपलं काम करून उरलेली जागा सोडलेली असायची. आपल्या विद्यार्थी पोस्टरचा खरा पूर्वज हा आहे. तो आजोबांच्या पेपरच्या रद्दीत पडून आहे आणि आपण न्यूयॉर्कच्या डिझाइन स्टुडिओंचे रील्स बघत बसलोय.

याचा अर्थ सगळ्यांनी हाताने अक्षरं काढावीत असं नाही. माझं स्वतःचं अक्षर डॉक्टरला लाजवेल असं आहे. पण देवनागरीशी निदान भांडू नये. अक्षरांत मोकळी जागा सोडायची फॅशन रोमन कॅपिटल्ससाठी शोभते, तिथे प्रत्येक अक्षर सुटंच असतं. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द वाळत घातलेल्या कपड्यांसारखा दिसतो, तोही चिमटे निसटलेल्या. चेपण्याचंही तसंच. रोमन कॅपिटल्स सगळी एका उंचीची, वर मात्रा नाही, खाली उकार नाही. देवनागरीला वर-खाली जागा लागते, त्यामुळे त्याच पॉइंट साइजला अक्षराचं अंग लहान पडतं. ते आणखी चेपलं की 'राष्ट्र'मधला ष्ट्र शाईचा ठिपका होतो. आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांची एक खोड : टाइपच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन 'वर्ल्ड-रेडी' केलेलं नसेल तर जोडाक्षरं फुटायची आणि 'दिग्दर्शक'ची पहिली वेलांटी द ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहायची. असं पोस्टर मी महोत्सवाच्या छापील पुस्तिकेत बघितलंय. मुलांनी तीन वर्षं सिनेमा शिकून केलेली फिल्म, आणि दिग्दर्शक या शब्दाचंच दिग्दर्शन चुकलेलं. एक खूण करून सुटणारा प्रश्न होता हो. चांगले फॉन्टही आता मोफत मिळतात. एक टाइपचे मुक्त, बलू, मोदक हे तर कुणीही उतरवून घ्यावेत. मोदक हा फॉन्ट त्याच्या नावासारखाच गुबगुबीत आहे. त्यात शोकांतिकेचं शीर्षक बसवू नये एवढं तारतम्य ठेवलं की झालं.

बहुतेक जण मात्र या भानगडीतच पडत नाहीत. शीर्षक थेट रोमनमध्ये. कारण विचारलं तर 'महोत्सवात बाहेरचे लोक असतात'. असतात, आणि त्यांच्यासाठी इंग्रजी शीर्षक खाली बारीक टाकता येतं. नेहमी होतं उलट : मराठी फिल्म, मराठी गाव, मराठी माणसं, आणि देवनागरी शीर्षक तळटिपेसारखं कोपऱ्यात, असलंच तर. निवड समितीतल्या अनोळखी माणसाला वाचायला सोपं जावं म्हणून आत्याला वाचायला अवघड करायचं. नागराज मंजुळेंनी नगरला एम.ए. करताना 'पिस्तुल्या' ही छोटी फिल्म केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्म सगळीकडे पोचली ती तिच्यातलं पोर आणि त्याची बोली जिथली तिथेच राहिल्यामुळे, हे आपण चर्चासत्रांत सारखं म्हणतो. मग पोस्टरच्या पाळीला आपली भाषा का सोडतो?

लॉरेलच्या पानांबद्दल फार लिहीत नाही. ज्या महोत्सवाचं नाव वाचणाऱ्याला माहीत आहे त्याची एक जोडी ही माहिती असते. नऊ जोड्या म्हणजे शाळेच्या हेडमास्तरांच्या खोलीतलं ढालींचं कपाट. काही ऑनलाइन महोत्सव दर महिन्याला भरतात, विभागागणिक फी घेतात आणि पानं तत्परतेने पाठवतात. ती पानं पोस्टरच्या आकाशात चिकटवली की चित्राचा वरचा तिसरा भाग गेलाच. हे पोस्टर मग फिल्मविषयी बोलत नाही, फिल्म करणाऱ्याच्या बायोडेटाविषयी बोलतं. आईबाबांना पाठवायला ते छान आहे, आणि इंजिनिअरिंग सोडून सिनेमा करणाऱ्या पोराला घरी दाखवायला काहीतरी लागतं हे मला कळतं. त्यासाठी वेगळी फाइल ठेवावी.

पोस्टर हे शेवटच्या रात्रीचं काम आहे, ही समजूतही आपल्या परंपरेतली नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी चित्रकार, मग सिनेमावाले. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ सालचं पोस्टर हे भारतीय सिनेमाच्या शिल्लक राहिलेल्या सर्वांत जुन्या सचित्र पोस्टरांत मोजलं जातं. त्यांच्याच कंपनीत शिकलेल्या दामले-फत्तेलाल यांनी शांतारामबापूंसोबत १९२९ साली प्रभात काढली, ती १९३३ साली पुण्याला आली, आणि 'संत तुकाराम'चं दिग्दर्शन या दोघांनी केलं. ज्यांच्या हाताला ब्रशची सवय होती त्यांनीच सिनेमा केला. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिकडे बंगालमध्ये सत्यजित राय जाहिरात कंपनीत चित्रकार होते आणि स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं, त्यांवरची बंगाली अक्षरं स्वतः करत. या लोकांना पोस्टर म्हणजे सिनेमाचीच एक फ्रेम वाटत असणार, फक्त कॅमेऱ्याऐवजी हाताने काढलेली.

विद्यार्थी फिल्मला एक चैन आहे जी बाबूरावांनाही नव्हती : तिला तिकीट विकायचं नाही. १९५०-६०च्या दशकांत पोलंडमध्ये असंच काहीसं होतं. वितरण सरकारी, नटनट्यांचे चेहरे छापून गल्ला जमवायची निकड नाही. हेन्रिक तोमाशेव्स्की, यान लेनित्सा यांच्यासारख्या चित्रकारांनी मग त्या पोस्टरांवर वाटेल ते केलं, इतकं की १९६८ साली वॉर्सात पोस्टरांचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. त्यांतली काही पोस्टरं बघून सिनेमा कोणता हे बापजन्मात ओळखता येणार नाही, आणि तो अतिरेक मला आवडतही नाही. पण विकायचं नाही म्हटल्यावर काय काय मोकळं होतं ते तिथे दिसतं. आपल्या मुलांना तीच मोकळीक आयती मिळालीय, आणि ती मुलं काय करतात, तर ज्यांना विकायचं आहे त्यांच्या पोस्टरची नक्कल.

गेल्या वर्षभरात नक्कल आणखी सोपी झाली. स्टिल नाही? फोटोशॉपवाला मित्र झोपलाय? एआयला दोन ओळी लिहा, अर्ध्या मिनिटात पोस्टर. नोकरीत मी ही साधनं रोज वापरतो, त्यामुळे त्यांच्याविषयी सोवळं पाळायचं मला कारण नाही. समुद्र करून घ्या, पोत करून घ्या, हरकत नाही. मागच्या महिन्यात एका फिल्मचं पोस्टर फीडमध्ये आलं. चुलीपुढे बसलेली म्हातारी, सुरकुत्यांवर केशरी उजेड, डोळ्यांत एकेक थेंब. खाली माणसांनी भरभरून लिहिलेलं : काय चेहरा आहे, कुठून शोधलीत या आजींना. फिल्म माझ्याकडे सबटायटल्सला आली होती. तिच्यातल्या आजी उंच आहेत, समोरचा एक दात पडलेला आहे, आणि अख्ख्या चौदा मिनिटांत त्या एकदाही रडत नाहीत. पोस्टरवर त्या नाहीत. त्यांचं नाव आहे, तळाला, दुसऱ्या ओळीत.